मूळ तक्ता

सोमवार, ३

शेवटचा स्क्रू टेबलाखाली गेला आणि त्याच्यामागे मीही गेले. नोकरीचा पहिला तास असा फरशीवर रांगण्यात गेला. वरून मालक म्हणाले, सापडला तर वर या, नाही सापडला तर डबा तिथंच सरकवतो. आणखी कुणीतरी हसलं. स्क्रू सापडला. माझ्याच चपलेच्या तळव्यात रुतला होता.

दुकान लहान आहे. पुढे काउंटर, मागे रबरी चटया घातलेली टेबलं, भिंतीला लाकडी खण आणि खणांत पोट उघडलेले लॅपटॉप. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण काहीही सांगायचं झालं की ते फळा ओढतात आणि खडू शोधत बसतात. हसणारा सोल्डरिंग करतो. त्याला चटका म्हणतात. त्याच्या बोटांवर भाजल्याचा एक तरी ताजा डाग असतोच. त्यानं विचारलं, एवढं शिकून या भंगारात कशाला आलात. मी म्हटलं, आवडतं म्हणून. तो म्हणाला, थांबा महिनाभर, ती खोड जाईल.

नव्या घरी आले तर ताईनं शिवणयंत्र खिडकीपाशी लावून पडदेही टाचले होते. जिना अरुंद आहे, पण दोन्ही खोल्यांत उजेड चांगला येतो. खालच्या कुलूपवाल्याच्या बायकोनं उशांचे अभ्रे शिवायला दिलेत. ताई म्हणाली, ठमे, तुझ्याआधी माझा जम बसला, लक्षात ठेव. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. ती मला ठमी म्हणते. रागावली की ठमाबाई.

इथं बरं वाटेल असं वाटतंय.

बुधवार, ५

मास्तरांनी फळ्यावर एक चौकोन काढला. लॅपटॉप सुरू होताना एक तक्ता वाचतो. बनवणाऱ्यांनी तो आत चिपमध्ये लिहून ठेवलेला असतो. यंत्रात कोणते भाग आहेत, त्यांना काय विचारायचं, उत्तर आलं की काय करायचं, हे सगळं त्यात असतं. यंत्र स्वतः आत डोकावून बघत नाही. तक्ता म्हणेल ते खरं. आणि तक्ते गचाळ लिहिलेले असतात. म्हणून पंखा फिरत नाही, बॅटरी दिसत नाही, झाकण मिटल्यावर झोपलेला लॅपटॉप झाकण उघडल्यावर जागा होत नाही. लोक भाग बदलत बसतात. भागाला काही झालेलं नसतं.

आमचं काम असं. तक्ता बाहेर काढायचा, वाचता येईल असा उलगडायचा, चूक शोधायची, दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत बांधायचा, आणि लॅपटॉपला सांगायचं की सुरू होताना चिपमधला नको, हा वाच. चिपमधल्या मूळ तक्त्याला हात लावायचा नाही. काही बिनसलं तर आपली फाईल काढायची, मूळ तक्ता आपोआप परत. एका वेळी एक बदल, एका बदलाला एक चाचणी. मास्तर हे दोनदा म्हणाले.

सगळ्यात जास्त लॅपटॉप जागं न होण्याच्या दुखण्याचे येतात. तक्त्यात एखादा भाग हजर लिहिलेला असतो. लॅपटॉप जागा होताना त्याला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. उत्तर येत नाही. तो बसूनच राहतो. उपाय सोपा आहे. त्या भागाला गैरहजर लिहायचं, म्हणजे हाक मारायचा प्रश्नच राहत नाही. मी विचारलं, पण भाग खरोखर असला तर. मास्तर म्हणाले, असेना का. राहील जागच्या जागी, वीज खाईल, गरमही होईल. त्याला कुणी विचारणार नाही, इतकंच.

चटका म्हणाला, आमच्या घरी माझं तसंच आहे.

रविवार, ९

मास्तरांनी सरावासाठी एक बेवारस लॅपटॉप घरी न्यायला दिलाय. कुणीतरी दुरुस्तीला टाकला आणि परत फिरकलंच नाही. काळा, जाडजूड, एका कोपऱ्यात चेपलेला. बॅटरी मेलेली, त्यामुळे तारेवरच चालतो. झोपला की जागा होत नाही. बंद हो म्हटलं तरी त्याच ठिकाणी अडकतो. शेवटी बटण दाबून धरून मारावा लागतो. ताई म्हणाली, बरं झालं, माझ्या शिवणयंत्राला आजारपणात सोबत मिळाली.

आज तक्ता उलगडून बसले. त्यात तापमान सांगणारा एक भाग लिहिलाय, जो लॅपटॉपमध्ये नाही. काल चटक्यानं पाठ उघडून दाखवली. ती जागा कोरी आहे, तिथं काही डकवलेलंच नाही. तरी आकडा येतो. ३६.८. प्रोसेसरचा म्हणावा तर प्रोसेसर नुसता बसल्या बसल्या याहून तापतो. खोलीचा म्हणावा तर खोली एवढी गरम नाही. आणि मर्यादा लिहिलीय ४१ ची. आकडा तिथं पोचला की सगळं बंद. कुठलाही लॅपटॉप ४१ वर कुणी बंद करत नाही. चटका म्हणाला, ज्यानं हे लिहिलं त्याला ताप असणार.

ताई पिशव्या घेऊन जिना चढून आली तेव्हा आकडा ३७.१ झाला. दार उघडल्याची हवा असेल. ती बसली, पाणी प्यायली. ३६.८.

वाचायला मजा येतेय. कुणीतरी घाईघाईत लिहिलेलं पत्र वाचावं तसं.

गुरुवार, १३

ताईला ताप आहे. मंगळवारपासून अंग मोडून आलं म्हणत होती, तरी अभ्रे पुरे करून दिले. दुपारी डॉक्टरीणबाई जिना चढून आल्या. ३९.२. औषध दिलं, पाणी पाजत राहा म्हणाल्या, उद्या उतरला नाही तर हलवायला लागेल म्हणाल्या. ताई त्यांना म्हणाली, तुमच्या कोटाची बाही उसवलीय, ठेवून जा, एवीतेवी पडूनच आहे. त्या हसल्या. मला जिन्यात म्हणाल्या, बहीण खंबीर आहे, पण तुम्ही झोपू नका.

त्या गेल्यावर टेबलाकडे लक्ष गेलं. लॅपटॉप उघडा होता. आकडा ३९.२.

मी ताईच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. थर्मामीटर लावला आणि पडद्याकडे बघत बसले. ३८.९. तिकडे ३८.९. अर्ध्या तासानं ३९.४. तिकडेही. लॅपटॉप तार न काढता आतल्या खोलीत नेऊन ठेवला, दार लावलं. फरक नाही. तार काढली तसा तो मेला, पुन्हा लावली. तोवर ताई झोपलेली. सुरू झाला तशी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, डॉक्टरीण आली का गं.

मी म्हटलं, येऊन गेली. ती म्हणाली, मला कसं नाही कळलं.

शुक्रवार, १४

झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी ४०.३ झाला. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी रुग्णवाहिका पाठवते म्हटलं, ती येतेय येतेयच राहिली. ताई भलतंच बोलत होती. मला आई म्हणत होती. ४०.६. मी तिच्या अंगावर ओलं पांघरूण टाकलं. ४०.८. माझ्या डोळ्यांपुढे ती ओळ होती. ४१, आणि त्यापुढे काय करायचं ते. सगळं बंद.

उष्णता खोटी दाखवून लॅपटॉप मध्येच बंद पडत असेल तर आम्ही काय करतो, ते मला येतं. तापमान विचारणारी ओळ काढायची. त्या जागी एक ठरलेला आकडा लिहायचा. भाग काहीही सांगो, तक्ता तेवढंच सांगेल. मास्तरांना हा उपाय आवडत नाही. ते त्याला तोंडावर हात ठेवणं म्हणतात.

मी ३७ लिहिलं. कंपाइल केलं. बटण दाबून लॅपटॉप मारला. ताई बोलता बोलता थांबली. मी तेव्हा तिच्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघत होते. लॅपटॉप सुरू झाला. तक्ता वाचला गेला.

ताईनं डोळे उघडले. अंग गार नव्हतं, गरम नव्हतं. म्हणाली, एवढं ओलं कुणी केलं, गादी कोण वाळवणार.

रुग्णवाहिका आली. माणसांनी तपासलं. ३७. त्यांनी मला चार शब्द ऐकवले. मी ऐकून घेतले. मला फार बरं वाटत होतं.

रविवार, १६

ताई बरी आहे. जेवली, कोटाची बाही शिवली. गुरुवारचं, शुक्रवारचं काही आठवत नाही म्हणते. तापात असं होतं.

पण थर्मामीटर ३७ च्या इकडेतिकडे हलत नाही. गरम पाण्यानं अंघोळ करून आली, ३७. तिच्या मुठीत मी बर्फ ठेवला. ती म्हणाली, हे काय नवीन खूळ, ठमाबाई. बर्फ वितळून संपला. तळहात लालसुद्धा झाला नाही. ३७.

तिला उकडत नाही. गारही वाटत नाही. खिडकी सताड उघडी, रस्त्यावर लोक मफलर गुंडाळून चाललेत आणि ती बिनबाह्यांच्या कपड्यात शिवतेय. मी म्हटलं, घाल काहीतरी. ती म्हणाली, कशाला.

झोपही येत नाही म्हणाली. शुक्रवारपासून डोळ्याला डोळा नाही. आजारपणात फार झोपले असेन, म्हणाली.

लॅपटॉप शुक्रवारपासून चालू आहे.

मंगळवार, १८

दुकानातून आले तेव्हा ताई बसून होती. डोळे लाल. दोन बाह्या एकाच बाजूला शिवलेल्या. म्हणाली, पडते, डोळे मिटते, आत सगळं चालूच राहतं. तू यंत्रांना झोपवतेस ना, मला झोपव. हसली.

मला ते कळलं होतं. करायला धजत नव्हते.

झाकण मिटलं.

ती खुर्चीतच झोपली. उशी आणेपर्यंत मान खाली आली होती. तिला पलंगावर नेलं. इतकी शांत झोप. मी स्वयंपाक केला, केर काढला. मग झाकण उघडलं.

पडदा काळाच राहिला. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पण तो जागा होईना. मी ताईला हाक मारली. हलवलं. चिमटा काढला. श्वास चालू. पापण्यांखाली बुबुळं फिरत होती, जसं कुणी दार शोधतंय. पण उठेना.

तासभर थांबले. शेवटी बटण दाबून धरलं. मग सुरू केला.

ताई उठून बसली आणि म्हणाली, एवढं ओलं कुणी केलं, गादी कोण वाळवणार.

गादी कोरडी होती.

शुक्रवारपासूनचं सगळं गेलं. बाही, बर्फ, सगळं. जतन न केलेली फाईल जावी तसं.

बुधवार, १९

दुकानात गेले नाही.

सकाळी आमची फाईल काढून बघितली. मूळ तक्ता. सुरू होताच ताई तापली. ३९, ४०, चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढ्या वेळात ४०.७. ताप गेलेलाच नाही. तो तिथंच आहे. मी फक्त त्याला विचारणं बंद केलं होतं.

फाईल परत घातली. ३७. त्यासाठी दोनदा बटण दाबावं लागलं.

संध्याकाळी ताईनं विचारलं, या घराला खिडकी याच बाजूला होती का. आणि मग, आई अजून कशी आली नाही.

सारखं जबरदस्तीनं बंद केलं की आधीच्या फाईलीही खराब होतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, बरं, आणि सुईत दोरा ओवायला लागली. ओवता येईना. सुई कुठल्या हातात धरायची हे तिनं मला विचारलं.

गुरुवार, २०

आता तीनच गोष्टी आहेत. झाकण उघडं ठेवलं तर ताई झोपत नाही. माणूस असा किती टिकतो. मिटलं तर झोपते आणि उठत नाही. बटण दाबलं तर उठते आणि थोडी कमी होऊन उठते.

जागं होणं दुरुस्त केलं तर सुटेल. एवढीच एक वाट. पण मास्तर म्हणतात एक बदल, एक चाचणी. चाचणी म्हणजे ताई. चार बदल करून बघायचे तर चार वेळा बटण. चौथ्यानंतर काय उरेल.

म्हणजे पहिल्याच बदलाला जमलं पाहिजे.

दुकानात फोन केला. नाव न घेता विचारलं, जागं होताना एका भागाची वाट बघत अडकतंय, तो भाग बसवलेला नाही, तरी हजर लिहिलाय. मास्तर म्हणाले, पंधरा दिवस तू दुसरं काय करतेयस. गैरहजर लिही आणि मोकळी हो. मग म्हणाले, आवाज असा का येतोय, जेवतेस का. मागून चटका म्हणाला, सांगा तिला, महिना व्हायच्या आत खोड गेली.

मी म्हटलं, भाग असला तर. मास्तर म्हणाले, पुन्हा तेच. बिनसलं तर फाईल काढ.

ताई शेजारी बसून होती. आता मिटताही येत नाहीत म्हणून डोळ्यांवर स्वतःचे तळहात धरून.

शुक्रवार, २१, सकाळ

तो भाग सापडला. जागं होताना त्यालाच हाक जाते. बंद होतानाही. त्याला काय म्हणायचंय ते बघायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. आकडे येतात. ७८. ८१. ८०. उठून पाणी प्यायले, परत बसले. ८८. मग ८२.

भांडं पडलं. ११०.

मनगटावर बोट ठेवलं. पडद्यावर आकडा बदलला आणि बोटाखाली तेच—

मी आहे ती. ताई उठताना मला हाक मारते. थांबून राहते. मी इथंच असते, तिच्या उशाशी, ओ देत असते. ते तिथं पोचत नाही. काय उत्तर हवंय ते तक्त्यात लिहिलेलं नाही.

शुक्रवार, दुपार

दुसरी वाट शोधली. वाट बघण्याला मुदत घालावी, क्षणभर थांब आणि पुढे जा. कंपाइल होत नाही. चूक दाखवतो, ती दुरुस्त केली की दुसरी. शनिवारपर्यंत जमेल. आठवड्यात जमेल.

ताईनं मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात.

तुम्ही म्हणाली.

मग स्वतःच हसली. म्हणाली, ठमीच ना तू, दमलेय गं मी, झोपव ना मला.

शुक्रवार, संध्याकाळ

गैरहजर लिहिलं. एक ओळ. कंपाइल झालं, एकही चूक न दाखवता.

परत फिरवता येतं. उद्या ताई झोपून उठली, ताजीतवानी झाली, की मी सावकाश बसेन आणि मुदतीचं जमवेन, मग ही ओळ काढेन. फाईल काढली की झालं. चिपला हात लावलेला नाही.

एकदाच बटण. हे शेवटचं.

ताईचा हात धरलाय. ती म्हणतेय, किती गार हात तुझा. नाही, तिला गार वाटत नाही, ती नुसतं म्हणतेय, लहानपणी म्हणायची तसं—

दाबते.

सुरू झालाय. तिनं डोळे उघडले. मी म्हटलं ताई. ती माझ्या हाताकडे बघतेय, हातात हात आहे त्याकडे, आणि मग तिनं हात काढून घेतला, मुंग्या आल्यावर झटकतात तसा, आणि—

झाकण मिटते. झोपू दे तिला. आधी झोपू दे.

शनिवार, २२, सकाळ

झाकण उघडलं. लॅपटॉप लगेच जागा झाला. ताईही. आळस देऊन उठली. स्वतःशी बोलते त्यावरून कळतं, झोप मिळाली तसं हरवलेलं परत आलंय, खिडकी कुठल्या बाजूला ते आठवतंय, आई गेल्याचं आठवतंय. सुई उजव्या हातात धरली. बरी आहे. पूर्ण बरी आहे.

चहा एकच कप केला.

मी बोलले. समोर उभी राहिले. ती मला वळसा घालून गेली, टेबलाला घालावा तसा. मी तिचा दंड धरला. तिनं दंड चोळला.

लॅपटॉपपाशी बसले. कळा दाबते. अक्षर उमटत नाही. झाकण उघडलेलं त्याला कळलं, माझं बोट नाही कळत.

वही उघडून तिच्यापुढे ठेवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिनं गरम पातेलं वहीवर ठेवलं.

पातेलं उचलून लिहितेय.

चटका आला. जिन्यातून ओरडत, कुणी आहे का. म्हणाला, दुकानातला एक लॅपटॉप या पत्त्यावर दिसतोय, मास्तरांनी आणायला सांगितलाय. ताई म्हणाली, माझा नाही, कुणी ठेवलाय कुणास ठाऊक, न्या. त्याला चहा विचारला. तो म्हणाला, बाई, एकट्या राहता आणि भांडी दोघींची. ताई म्हणाली, घर भरलेलं दिसावं म्हणून. दोघं हसले.

त्यानं झाकण मिटलं. ताई बसल्या जागी झोपली. त्यानं तार काढली, लॅपटॉप पिशवीत घातला. हळूच म्हणाला, दमलीय बिचारी.

पिशवीचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला. खिळ्याला अडकला असं वाटून त्यानं हिसका दिला. दार सावकाश ओढून घेत निघून गेला, तिची झोप मोडू नये म्हणून.

दुकानात परत आलेला लॅपटॉप आधी मूळ तक्त्यावर सुरू करतात. आमची फाईल काढून. मूळ दुखणं काय होतं ते पुन्हा बघायला. मास्तरांचा नियम आहे. मीही तसंच केलं असतं.

फाईल गेली की मी हजर. ३७ पण जाईल.

धावत जावं तर ताईचं डोकं माझ्या खांद्यावर आहे, हलले तर पडेल. जाऊन तरी काय. बोललेलं पोचत नाही, कळ उमटत नाही. ती मला बघू शकेल तेव्हाच मला कुणी ऐकू शकेल, आणि तेव्हा—

आत्ता तो चौकात असेल.

आत्ता कुलूप काढत असेल.

ताईनं डोळे उघडले. त्यानं तार लावून सुरू केला. तिनं मान वर केली, दाराकडे बघितलं, माझ्याकडे नाही. बरं. बरं. अजून फाईल आहे. चहा पी रे आधी. पंखा पूस, स्क्रू मोज, मास्तरांशी भांड—

डोळे मिटले तिनं.

बटण.

सुरू होत असेल. सुरू होताना तो वाचतो, आधी तक्ता, मग—

ताईनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. थेट. गालावर लाली चढतेय. म्हणाली, ठमे, खिडकी उघड गं, किती उकड